नावांच्या पाट्या कोण वाचतो?

सिनेमाच्या सुरुवातीला पडद्यावर नावांच्या पाट्या येतात, तेव्हा आपण काय करत असतो? कुणी शेंगदाण्याची पुडी सोडतो, कुणी पोराला मांडीवर घेतो, कुणी अंधारात आपली खुर्ची चाचपडत असतो. घरी टीव्हीवर पाहायचा असेल तर तेवढ्या वेळात चहाचे आधण ठेवून होते. नायक-नायिकेचे नाव येऊन गेले की बाकीच्या नावांशी आपल्याला काही देणेघेणे नसते. आम्हीही त्यातलेच. पण अलीकडे आम्ही एका जुन्या अमेरिकन बोलपटाच्या पाट्या थांबवून थांबवून वाचल्या आणि त्यात एक नाव नाही हे पाहून अस्वस्थ झालो. आजचे सदर त्या पाट्यांवर आहे.

बोलपटाचे नाव 'हॅलेलुया'. साल १९२९. गर्जणाऱ्या सिंहाचे चिन्ह असलेल्या मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीचा हा सिनेमा. त्याआधी दोन वर्षे, ६ ऑक्टोबर १९२७ रोजी, न्यूयॉर्कमध्ये वॉर्नर ब्रदर्सचा 'द जॅझ सिंगर' झळकला होता. पडद्यावरचे माणूस बोलते, गाते हे लोकांनी त्यात पाहिले आणि मूकपटांचे दिवस भरले. त्या सिनेमातला गाणारा नट अल जोल्सन गोरा होता; पण गाण्याच्या मोठ्या प्रसंगात तो तोंडाला काळे फासून उभा राहतो. अमेरिकेत ही जुनी रीत होती. काळ्या माणसाची नक्कल करायची ती गोऱ्याने, आणि लोकांनी हसायचे. १९१५ सालच्या 'द बर्थ ऑफ अ नेशन' या गाजलेल्या मूकपटात तर काळ्यांच्या मुख्य भूमिका तोंड रंगवलेल्या गोऱ्यांनीच केल्या होत्या. मुक्या सिनेमात ते खपून गेले. आवाज आल्यावर मात्र अडचण झाली. रंग तोंडाला लावता येतो, गळ्याला कसा लावणार?

मग स्टुडिओवाल्यांना कृष्णवर्णीयांचा गळा आठवला. यंत्रावर त्यांचाच आवाज चांगला उमटतो, अशीही एक समजूत तेव्हा पसरली. त्यात शास्त्र वगैरे काही नव्हते. पण तिच्यामुळे काही जणांना काम मिळाले. १९२९ या एकाच वर्षी दोन मोठ्या कंपन्यांनी जवळजवळ सगळे नट काळे असलेले दोन बोलपट काढले. फॉक्स कंपनीचा 'हार्ट्स इन डिक्सी' आधी आला. त्यात गरीब म्हाताऱ्या शेतकऱ्याचे काम करणारा क्लॅरन्स म्यूझ हा कायद्याचा पदवीधर होता. पुढची कित्येक वर्षे त्याला पडद्यावर हमाल आणि नोकर म्हणूनच उभे केले गेले. त्याच्यावर कधीतरी वेगळे लिहू. आज 'हॅलेलुया'.

दिग्दर्शक किंग व्हिडॉर हा टेक्सासमधला गोरा माणूस. 'द बिग परेड' आणि 'द क्राउड' या मूकपटांनी त्याचे नाव झाले होते. दक्षिणेकडच्या काळ्या शेतमजुरांच्या जीवनावर सिनेमा काढायचे त्याच्या फार दिवस मनात होते, पण कंपनी ऐकत नव्हती. असा सिनेमा काढला तर गोरे लोक थिएटरात येणार नाहीत, ही भीती. शेवटी व्हिडॉरने आपला पगार याच सिनेमात घालायची तयारी दाखवली तेव्हा होकार मिळाला, असे त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे. त्याच्या धाडसाला आम्ही दाद देतो. पण त्याने रंगवलेली काळी माणसे पाहताना मधूनमधून आमच्या कपाळावर आठी चढते, हेही सांगतो.

गोष्ट अशी. झीक नावाचा तरुण आपल्या कुटुंबाबरोबर वाट्याच्या शेतात कापूस पिकवतो. कापूस विकायला तालुक्याच्या गावी जातो. तिथे चिक नावाची नाचणारी पोरगी आणि तिचा साथीदार मिळून जुगारात त्याचे वर्षाचे पैसे लुबाडतात. झटापटीत गोळी सुटते आणि झीकचा धाकटा भाऊ मरतो. पश्चात्तापाने झीक धर्मोपदेशक होतो, पण चिक पुन्हा त्याच्या आयुष्यात येते. कापसाचा पैसा हातात आला आणि बाजारातच गेला, ही गोष्ट वऱ्हाडातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. आम्हाला खटकले ते असे की एवढ्या सिनेमात एकही गोरा माणूस ठळकपणे दिसत नाही. मालक दिसत नाही, सावकार दिसत नाही. कापूस कुणाच्या जमिनीत पिकतो आणि वाटा किती मिळतो, याचा शब्द नाही. जणू ही माणसे गरीब आहेत ती आपल्याच स्वभावाने.

आता पाट्यांकडे येऊ.

झीकचे काम केले डॅनियल हेन्स याने. गिरणीत जसा बदली कामगार असतो तसा हा बदली नट. न्यूयॉर्कच्या 'शो बोट' या संगीत नाटकात ज्यूल्स ब्लेडसो नावाचा गायक होता. तो आला नाही तर हेन्सने उभे राहायचे. व्हिडॉरने या बदलीवाल्याला नायक केले. (जाता जाता एक गंमत. याच 'शो बोट'वरून अमेरिकेत निघालेला अर्धामुर्धा बोलपट मुंबईत पाहून अर्देशीर इराणींनी आपणही बोलपट काढायचा असे ठरवले. तो 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागला.)

चिकचे काम केले नीना मे मॅकिनी हिने. साउथ कॅरोलिनातल्या लँकेस्टर गावची मुलगी, वय जेमतेम सोळा-सतरा. न्यूयॉर्कच्या 'ब्लॅकबर्ड्स' या नाचगाण्याच्या प्रयोगात ती मागच्या रांगेत नाचत होती, तिथे व्हिडॉरची नजर तिच्यावर पडली. भूमिकेसाठी आधी दुसरी मुलगी ठरली होती. ती गेली आणि नीना आली. सिनेमा पाहा, ही पोर पडद्यावर आली की बाकी कुणाकडे लक्ष जात नाही. कॅमेऱ्याची भीती तिला ठाऊकच नाही.

झीकवर मुकाट्याने प्रेम करणाऱ्या मुलीचे काम व्हिक्टोरिया स्पायव्ही हिचे. ही मूळची ब्लूज गाणारी, तेव्हाच रेकॉर्डवर नाव झालेली. पुढे १९६०च्या दशकात तिने स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. दुसऱ्याच्या कंपनीत आयुष्यभर गायल्यावर बाईने आपल्या नावाची कंपनी काढावी, हे आम्हाला फार आवडले.

पडद्यामागे पटकथा वांडा टुचॉक या बाईंची. बायकांना दिग्दर्शनाच्या खुर्चीजवळही फिरकू देत नव्हते त्या काळात त्यांनी १९३४ मध्ये एका बोलपटाचे सहदिग्दर्शनही केले. छायालेखन गॉर्डन अॅव्हिल, संकलन ह्यू विन, आणि ध्वनिमुद्रण डग्लस शिअरर.

या शिअररचे आणि विनचे काम समजून घेण्यासारखे आहे. १९२८च्या शेवटी सगळी मंडळी टेनेसीतल्या मेम्फिसला आणि आर्कान्सासच्या दलदलीत चित्रीकरणाला गेली. आवाज टिपणारी यंत्रे मागून गाड्यांवर यायची होती, ती वेळेवर आली नाहीत. व्हिडॉरने वाट पाहिली नाही. बाहेरची दृश्ये त्याने मुकीच घेतली आणि आवाज नंतर स्टुडिओत भरायचा ठरवला. यंत्रे आली नाहीत ते एका अर्थी बरेच झाले. तेव्हा बोलपटाचा कॅमेरा बंद खोक्यात ठेवावा लागे, नाहीतर त्याची घरघर माईकमध्ये शिरे. खोक्यातला कॅमेरा जागचा हलत नसे आणि नट माईकभोवती खांबासारखे उभे राहून बोलत. इथे कॅमेरा मोकळा राहिला. शेतात गेला, नदीत गेला, चिखलात गेला. त्रास झाला तो नंतर, आवाज आणि चित्र जुळवताना. आज मोबाइलवर शाळकरी पोर करते ते काम तेव्हा कुणालाच नीट येत नव्हते. ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे. काही ठिकाणी ते अजून दिसते.

पण शेवटचा पाठलाग पाहा. झीक आपल्या वैऱ्यामागे दलदलीत धावतो आहे. पार्श्वसंगीत नाही. चिखलात रुतून निघणाऱ्या पायांचा आवाज, काटक्या मोडल्याचा आवाज, एखादा पक्षी, धापा. हे सगळे नंतर भरलेले आहे आणि इतक्या वर्षांनीही अंगावर काटा येतो. बोलपट म्हणजे नुसती बडबड, असे समजणाऱ्या त्या दिवसांत हे कुणाला तरी सुचले, याचे कौतुक करावे तेवढे थोडे.

आता त्या नसलेल्या नावाकडे. 'हॅलेलुया'चा जीव त्यातल्या समूहगायनात आहे. शेतातले गाणे, नदीकाठच्या बाप्तिस्म्याचे गाणे, मयतीचे गाणे. पाटीवर 'डिक्सी ज्युबिली सिंगर्स' असे मंडळाचे नाव आहे. हे मंडळ बांधले, शिकवले आणि या सिनेमासाठी गाऊन घेतले ते ईव्हा जेसी या कृष्णवर्णीय बाईंनी. कॅन्सासमधल्या कॉफीव्हिल गावात १८९५ साली जन्मलेल्या ईव्हाबाईंनी संगीताचे रीतसर शिक्षण घेतले, शिक्षिका झाल्या, वर्तमानपत्रातही काम केले. सिनेमाच्या पाट्यांवर त्यांचे नाव नाही. अर्विंग बर्लिन या नामांकित गोऱ्या संगीतकाराची दोन गाणी मात्र कंपनीने त्यात घातली. ती गाणी ऐकायला वाईट नाहीत. पण आपल्या घरच्या ओव्या चालू असताना मध्येच बाहेरचा बँड वाजावा, तशी लागतात.

ईव्हाबाई गप्प बसल्या नाहीत. १९३० साली बाल्टिमोरच्या 'आफ्रो-अमेरिकन' या काळ्या समाजाच्या साप्ताहिकात त्यांनी 'हॅलेलुया'ची खरी हकिकत लिहिली. कंपनीने काळ्या कलावंतांना कसे वागवले ते नाव घालून छापले. मोठ्या कंपनीविरुद्ध बोललो तर पुढचे काम जाईल, हे त्यांना कळत नसेल काय? तरी लिहिले. आणि छापायला समाजाचे एक साप्ताहिक होते म्हणून ते आज आपल्याला वाचायला मिळते. मोठी वर्तमानपत्रे त्या वेळी नायिकेच्या डोळ्यांचे कौतुक करण्यात गुंतलेली होती.

सिनेमा लागला २० ऑगस्ट १९२९ रोजी, न्यूयॉर्कमध्ये एकाच दिवशी दोन थिएटरांत. ब्रॉडवेवरच्या एम्बसीमध्ये आणि काळ्यांच्या हार्लेम वस्तीतल्या लाफायेतमध्ये. दोन ठिकाणी कशाला? काळ्या वर्तमानपत्रांनी याचा अर्थ बरोबर ओळखला: तुम्ही तुमच्या वस्तीत पाहा, इकडे येऊन गोऱ्यांच्या शेजारी बसू नका. पडद्यावर नायक काळा आणि समोरच्या खुर्चीवर काळा माणूस नको. दक्षिणेतल्या बऱ्याच थिएटरवाल्यांनी तर सिनेमा घ्यायलाच नकार दिला.

काळ्या समाजातही मते फुटली. आमची माणसे जुगारी, भोळी आणि वासनेच्या आहारी गेलेली दाखवली, म्हणून काही चिडले. काहींना वाटले, निदान आमचे चेहरे आमच्याच माणसांनी दाखवले. थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी आपल्या 'द क्रायसिस' मासिकात या सिनेमाचे कौतुक केले. हे तेच ड्यू बॉइस, ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहून अमेरिकन काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती, आणि ज्यांनी ३१ जुलै १९४६ रोजी अगत्याने उत्तर पाठवले. एवढ्या करड्या नजरेचा माणूस सिनेमाला बरे म्हणतो, म्हणून आम्हीही आमची कपाळावरची आठी जरा सैल करून तो पुन्हा पाहिला. मालक न दिसण्याबद्दलची तक्रार मात्र आम्ही मागे घेतलेली नाही.

पुढे काय झाले? व्हिडॉरला दिग्दर्शनाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळाले. शिअररला त्याच वर्षी 'द बिग हाउस' या दुसऱ्या बोलपटासाठी ध्वनीचे पहिलेवहिले ऑस्कर मिळाले. हेन्स 'ग्रीन पाश्चर्स' या नाटकात गेला, आणि नंतर खरोखरच चर्चमध्ये धर्मोपदेशक झाला. नीनाशी कंपनीने पाच वर्षांचा करार केला. करार झाला, पण कामे कुठे होती? काळ्या मुलीला नायिका करायची तर नायकही काळा लागणार, आणि तसे सिनेमे कंपनी काढणार नव्हती. १९३१ च्या 'सेफ इन हेल' या वॉर्नरच्या बोलपटात तिला एका हॉटेलवालीचे छोटे काम मिळाले. क्लॅरन्स म्यूझही त्यात आहे. दोघे त्यात साधी, नीट भाषा बोलतात, कुणाची नक्कल करत नाहीत. दोन-चार प्रसंगच, पण आम्हाला ते 'हॅलेलुया'पेक्षाही जास्त आवडले.

नीना युरोपात गेली, तिथे गायली, नावाजली. ग्रेटा गार्बो या मोठ्या नटीवरून लोक तिला 'काळी गार्बो' म्हणत. कौतुक करतानाही नाव दुसरीचेच! १९३५ मध्ये तिने इंग्लंडमध्ये पॉल रॉबसन यांच्याबरोबर 'सँडर्स ऑफ द रिव्हर' केला. तो शेवटी इंग्रजी साम्राज्याची भलामण करणारा निघाला आणि रॉबसन यांना पुढे त्याचा पस्तावा झाला. १९४९ च्या 'पिंकी'त नीना एका लहानशा भूमिकेत दिसते. १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये ती वारली. १९७८ मध्ये तिला मरणोत्तर कृष्णवर्णीय चित्रकर्मींच्या मानाच्या यादीत स्थान मिळाले.

'हॅलेलुया' २००८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहात जतनासाठी घेतला गेला. १ जानेवारी २०२५ पासून त्याच्यावर अमेरिकेत कुणाचा मालकी हक्क राहिलेला नाही. ज्या मुलांना इंग्रजी समजते त्यांना शेजारी बसवा आणि गोष्ट सांगायला लावा. गाणी सांगावी लागणार नाहीत.

आणि ईव्हाबाई? १९३५ मध्ये 'पॉर्गी अँड बेस' या संगीतनाट्याच्या समूहगायनाची सूत्रे त्यांच्या हाती होती, या वेळी नावासकट. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनच्या मोर्चात लाखो लोक जमले, डॉ. मार्टिन लूथर किंग बोलले, त्या दिवशी मोर्चाचे अधिकृत गायकमंडळ ईव्हा जेसी यांचे होते. तेव्हा त्या अडुसष्ट वर्षांच्या होत्या. १९९२ साली त्या वारल्या.

पुढच्या खेपेला 'इमिटेशन ऑफ लाइफ' हा १९३४ चा बोलपट. त्यात दिसायला गोरी असलेल्या काळ्या मुलीचे काम फ्रेडी वॉशिंग्टन हिने केले आहे. तोवर ज्यांना जमेल त्यांनी पाहून ठेवावा. पाट्यांसकट.