नक्षी नंतर बघा, आधी आकडा वाचा

पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत टोमॅटोच्या हंगामात गाड्यांच्या रांगेकडे बघितलं, तर मधूनच एखादी पिकअप उठून दिसते. जाडजूड गट्ट्यांचे रुंद टायर, कडेला मोठी पांढरी अक्षरं. ऑल-टेरेन. पोरं त्यांना ‘एटी’ म्हणतात. माझ्या पुतण्यालाही आमच्या गाडीला हेच टायर हवे होते. ‘‘काका, रुबाब बघा ना. आणि चिखलात कुठं अडकायची नाही.’’ रुबाबाबद्दल माझी तक्रार नाही. पण पिकअप ही भाड्याची, मालाची गाडी. तिचं टायर निवडताना नक्षी सगळ्यात शेवटी बघावी, असं माझं ठाम मत आहे.

टायरच्या कडेवर मापानंतर एक आकडा आणि एक अक्षर असतं. उदाहरणार्थ 105 एस. यातला 105 म्हणजे वजनाचा निर्देशांक. त्याचा अर्थ, ते एक टायर पूर्ण हवेवर 925 किलो पेलतं. 112 म्हणजे 1120 किलो. अक्षर वेगाचं असतं, त्याची आपल्याला फारशी काळजी नको. ताशी 120 च्या पुढे भरलेली पिकअप न्यायची कुणाची इच्छा असेल, तर त्याने टायर बदलण्याऐवजी ड्रायव्हर बदलावा.

आता हिशेब करू. माझी गाडी दीड टन पासिंगची. रिकामं वजन पावणेदोन टनांच्या आसपास. टोमॅटोची जाळी वीस किलोची, म्हणजे 75 जाळ्यांत पासिंग पूर्ण. भरल्यावर मागच्या आसावर दोन टनांच्या आगेमागे वजन येतं, एका टायरवर टनभर. कंपनीचं 215/75 आर 15 हे माप मालवाहू बांधणीचं येतं आणि ते याच वजनासाठी दिलेलं असतं. दुकानात ‘एटी’ मागितलं की पुष्कळदा पुढे येतं ते 235/75 आर 15, 105 एस. हे माप जीपसारख्या माणसं वाहणाऱ्या गाड्यांचं. दोन टायर मिळून 1850 किलो. म्हणजे जास्तीचा माल न भरताच तुम्ही तोट्यात. आणि पासिंगइतकाच माल भरून थांबणारे आमच्यात किती, ते वजनकाट्यावाल्यांना विचारा. नव्वद जाळ्या रचलेल्या गाड्या मी रोज बघतो. मागे एक जादा पाटा टाकून घेतला की गाडी बसत नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात. पाट्याने टायरची ताकद वाढत नाही, हे त्यांना सांगणारं कुणी भेटत नाही.

शिवाय ते रुंद टायर उंचही असतं, व्यासात तीस मिलिमीटरने. ऐकायला किरकोळ वाटतं. पण वेगाच्या काट्यावर 80 दिसतात तेव्हा गाडी 83 च्या वर असते, आणि राहुड घाटात भरल्या गाडीला एक गिअर खाली घ्यावा लागतो. डिझेल जास्त लागतं ते वेगळं.

दुकानदार यावर एक ठरलेलं वाक्य टाकतो: ‘‘शेठ, आठ प्लायचं आहे, बिनधास्त भरा.’’ आठ पीआर, म्हणजे प्लाय रेटिंग, लिहिलेल्या टायरमध्ये आज आठ थर असतातच असं नाही. जुन्या सुती थरांच्या काळातलं ते ताकदीचं माप आहे, नाव तेच राहिलं. किलोत उत्तर देतो तो निर्देशांक. तोच वाचावा.

आता चिखल. ‘एटी’ विकलं जातं ते चिखलाच्या नावावर आणि आमच्याकडे चिखल म्हणजे काळी माती. ही माती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. टायरचे चार-दोन फेरे झाले की गट्ट्यांमधल्या फटी लिंपल्या जातात आणि हजारो रुपयांची नक्षी गुळगुळीत होऊन बसते. मग साधं टायर काय आणि ‘एटी’ काय, दोन्ही सारखीच घसरतात. रिकामी पिकअप तर अधिकच, कारण ओढणारी चाकं मागे आणि मागे वजनच नाही. रुंद फटींचं खास चिखलाचं टायर थोडंफार माती झटकतं, पण ते डांबरीवर भुणभुण करतं, लवकर झिजतं आणि ओल्या डांबरावर ब्रेकला कच्चं पडतं. आमच्या गाडीचा जवळपास सगळा प्रवास डांबरीवर. बांधावरच्या दोनशे मीटरसाठी उरलेला सगळा रस्ता का बिघडवायचा? पावसाळ्यात माल शेतातून डांबरीपर्यंत ट्रॅक्टरने आणावा, गाडी रस्त्यावर भरावी. जुने शेतकरी हेच करतात. पाणंद रस्ते खडी-मुरूम टाकून पक्के करायला शासनाने 2021 मध्ये ‘मातोश्री’ नावाची योजना काढली. गावच्या ग्रामसभेत अशा रस्त्याचा पाठपुरावा करणं हे चार टायरांपेक्षा स्वस्त पडेल.

मग ‘एटी’ कुणी घ्यावं? सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या बाजूला ज्यांचं रोजचं भाडं आहे त्यांनी जरूर घ्यावं. तिथे मुरूम, उघडी खडी, टोकदार दगड. साध्या टायरची कड दगडाने चिरते आणि चिरलेली कड पंक्चरवाल्याच्या हातची राहत नाही. ‘एटी’ची कड जाड असते, गट्टे दगडाला पुरून उरतात. खडीच्या खाणीवर जाणाऱ्यांचंही तेच. पण तिथेही कंपनीने दिलेल्या मापातच घ्या, मालवाहू बांधणीचं म्हणजे कडेवर ‘एलटी’ लिहिलेलं, आणि निर्देशांक मूळ टायरपेक्षा एकानेही कमी नको. दोनच घ्यायचे असतील तर दोन्ही मागे टाका. नवीन पुढे टाकायची आपल्याकडे सवय आहे, पण ओल्या रस्त्यावर मागची बाजू सुटली की भरलेली गाडी सावरत नाही.

खरं तर पावसाळ्यापेक्षा मला भीती वाटते ती फेब्रुवारी-मार्चची. द्राक्षं भरून भर दुपारी कसारा घाट उतरायचा. टायर चिखलाने फुटत नाही, उष्णतेने फुटतं. हवा कमी असली की कड प्रत्येक फेऱ्याला वाकते, वाकून तापते. वर जादा वजन, खाली तापलेलं डांबर. जाड गट्ट्यांचं टायर उष्णता धरूनही जास्त ठेवतं. समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात झाले तेव्हा आरटीओने टायर तपासायला सुरुवात केली, ती उगाच नाही. नियमाने नक्षी 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद. खाचेत त्या उंचीचे छोटे उंचवटेच दिलेले असतात. हवा सकाळी टायर गार असताना तपासावी. गाडीच्या पत्रीवर रिकाम्याची आणि भरलेल्याची हवा वेगळी दिलेली असते. घाटात टायर तापलं म्हणून हवा सोडणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत. गार झाल्यावर तेच टायर कमी हवेवर पळतं.

तारीखही बघा. कडेवर चार आकडे असतात: 3224 म्हणजे 2024 सालचा बत्तिसावा आठवडा. गोदामात तीन वर्षं पडून राहिलेलं टायर सवलतीत मिळतं तेव्हा ती सवलत कशाची, ते या आकड्यांवरून कळतं. बिल पक्कं घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, तो फरक बिलात दिसला पाहिजे.

पुतण्याला मी मालवाहू बांधणीचे साधे टायर घेऊन दिले, मूळ मापाचे. तो चार दिवस फुगून बसला होता. तुमच्याकडेही कुणी फुगेल. तरी दुकानात गेलात की पहिला प्रश्न एवढाच विचारा: हे टायर किती किलो पेलतं? दुकानदाराने किलोत उत्तर दिलं नाही, तर पुढच्या दुकानात जा.