‘सहमत असतीलच असे नाही’

सणासुदीचे दिवस तोंडावर आले की नोटीस येते. यंदाही आली. पंधरवडाभर वाचक तिचे फोटो पाठवताहेत. एका ठाण्यात तर जुन्याच छापील कागदावरचे कलम १४९ खोडून पेनाने १६८ केले आहे. मजकूर तोच: बातम्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप ‘ओन्ली ॲडमिन’ करा, आक्षेपार्ह काही आले तर ॲडमिन जबाबदार. खाली सही, हवालदार पोच घेऊन मोकळा.

कायद्याचे उत्तर आपल्या हाती आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्येच सांगितले, की समान हेतू किंवा संगनमत नसेल तर सदस्याच्या पोस्टसाठी ॲडमिनला फौजदारी गुन्ह्यात ओढता येत नाही. निकालाची प्रत जवळ ठेवा आणि ठाणेदारांना नम्रपणे दाखवा.

पण ‘ओन्ली ॲडमिन’चे खूळ एवढ्याने जाणार नाही. ग्रुप बंद केल्याने विखार बंद होत नाही. तो स्टेटसवर आणि खाजगी ग्रुपांत जातो, जिथे आपण नसतो. १ जुलै २०१८ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ती अफवा मोबाइलवरून फिरत होती. अशी अफवा खोटी ठरवायची तर जिथे ती आली तिथेच, त्याच माणसांसमोर ठरवावी लागते. गावातला कोणी ‘मी त्यांना ओळखतो’ असे लिहू पाहील, तर त्याचेच तोंड बांधलेले! आणि ठाण्याच्या नोंदवहीत उपाययोजना झाल्याची नोंद.

आता आपल्याबद्दल. त्या निकालात ॲडमिनच्या हाती सदस्य घेणे आणि काढणे एवढेच आहे, हे न्यायालयाने विचारात घेतले होते. २०२२पासून दुसऱ्याचा मेसेज सर्वांसाठी पुसण्याचे बटणही आपल्याकडे आहे. कायद्याचा आसरा राहील. ‘मी काय करणार’ ही सबब मात्र गेली. वाचकांच्या पत्रव्यवहारात जे आपण कधीच छापले नसते, ते ग्रुपवर रात्रभर राहते, कारण भांडण पेटले की सदस्य वाढतात आणि सदस्यांच्या आकड्यावर वाढदिवसाच्या जाहिराती मिळतात. हे मी ऐकीव सांगत नाही. आपल्यातल्याच दोघांनी मला ते हसत सांगितले. ‘संपादक सहमत असतीलच असे नाही’ ही ओळ एवढ्यासाठी नव्हती.

दुसरी खोड याहून वाईट. समोरच्या समाजाची शिवी मिनिटात पुसली जाते, आपल्या माणसाची ‘भावना’ म्हणून राहते. गावाला हे बरोबर कळते.

पुसण्याआधी नंबर, वेळ आणि फॉरवर्डचा बाण दिसेल असा स्क्रीनशॉट स्वतःकडे ठेवा. तक्रार झाली तर तोच पुरावा. तो ग्रुपवर टाकू नका, नाहीतर विखार दुसऱ्यांदा वाटाल. का पुसले ते मात्र दोन ओळींत तिथेच लिहा, आणि धमकीचा मेसेज असेल तर नोटिशीची वाट न पाहता ठाण्यात जा.

ज्यांना नोटिसा आल्या त्यांनी छायाप्रती महिनाअखेरपर्यंत कार्यालयात पाठवाव्यात. एकत्रित निवेदन घेऊन आम्ही जिल्हा पोलीस अधीक्षकांना भेटणार आहोत. गेल्या वर्षी हेच आवाहन केले, तेव्हा तीन प्रती आल्या. पोच देताना बिनवाचता सही करू नका, आणि नोटिशीची एक प्रत स्वतःसाठी मागून घ्या.