ब्रेकच्या नावाखाली खिशाला कात्री : जुना पार्ट, खोकं आणि बिल मागून घ्या

देऊळघाट (ता. बुलढाणा) : आपल्या भागातून मलकापूरकडे जायचं तर राजूर घाट उतरावा लागतो, खामगावकडे जायचं तर बोथा घाट. मोटरसायकलवर दोन माणसं, मध्ये खताची बॅग. पिकअपमध्ये सोयाबीनची पोती रचलेली. अशा वेळी ब्रेकमध्ये जरा कमी-जास्त वाटलं तरी माणसाच्या पोटात गोळा येतो. नेमक्या याच भीतीवर काही गॅरेजवाल्यांचा धंदा चालू आहे.

माझाच अनुभव सांगतो. गेल्या हंगामात माझ्या मोटरसायकलचा मागचा ब्रेक कमी लागायला लागला. रस्त्यावरच्या एका गॅरेजवर गाडी लावली. मिस्त्रीनं चाक खोललं आणि म्हणाला, "भाऊ, ड्रम गेला, शू गेले, स्प्रिंगा गेल्या. अशी गाडी घाटात नेली तर माझी जबाबदारी नाही." जबाबदारीचं नाव काढल्यावर माणूस काय बोलणार? मी चहा पिऊन येईपर्यंत गाडी तयार. अर्ध्या तासात 1,850 रुपये गेले. बिल म्हणून वहीचं अर्धं पान, त्यावर फक्त आकडा.

पंधरा दिवसांत ब्रेक पुन्हा तसाच. गावातल्या मिस्त्रीनं चाक खोललं तर शू जुनेच. वरून काचपेपर मारून चकचकीत केलेले. ड्रमबद्दल विचारलं तर तो हसायलाच लागला. स्पोकच्या चाकात ड्रम हबमध्येच ओतलेला असतो. तो बदलायचा तर सगळे स्पोक काढून चाक नव्यानं बांधावं लागतं. ते काम अर्ध्या तासात होत नाही. एवढी साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती आणि त्या न ठाऊक असण्याचेच पैसे मी मोजले.

लूट होते कुठे?

दोन-तीन मिस्त्रींशी बोललो. त्यांच्या सांगण्यातून ठरावीक प्रकार समोर आले. शू घासून नवे म्हणून लावणे, हा पहिला. दुसरा, नुसते पॅड झिजलेले असताना डिस्क प्लेटही बदलायला लावणे. प्लेट किती झिजली की टाकायची, ती कमीत कमी जाडी बहुतेक प्लेटवर कोरलेली असते. ती मोजून दाखवा म्हटलं की बोलणं बदलतं. तिसरा प्रकार, ब्रेक ऑइल न बदलता वरून थोडं टाकायचं आणि पूर्ण बदलल्याचे पैसे लावायचे. चौथा, नावाजलेल्या कंपनीच्या खोक्यात नकली माल.

यात फक्त पैसे जात नाहीत. काचपेपर मारलेला शू दोन दिवस बरा लागतो, म्हणून आपण निर्धास्त होतो आणि भरलेली गाडी घाटात घालतो. दुसरीकडे, एकदा फसलेला माणूस पुढच्या वेळी खरंच काम असलं तरी म्हणतो, "राहू दे, लुटतात सारे." दोन्हीकडून जीव धोक्यात येतो तो गाडीवाल्याचाच.

मोठ्या कंपन्याही धुतल्या तांदळाच्या नाहीत

छोट्या गॅरेजलाच दोष देऊन भागणार नाही. भारतीय स्पर्धा आयोगानं 25 ऑगस्ट 2014 रोजी देशातल्या 14 कार कंपन्यांना सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू द्यायचे नाहीत, दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मिस्त्रींना द्यायची नाही, त्यामुळे गिऱ्हाईक कंपनीच्याच दारात येतं आणि मागेल तो भाव देतं, असा ठपका होता. कंपन्या अपिलात गेल्या. पण हा प्रकार सुरू झाला तो एका ग्राहकाच्या तक्रारीवरून, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्यानंतर केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर 2022 मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला पोर्टल सुरू केलं. त्यात मोबाईल आणि गाड्यांबरोबर शेती अवजारंही आहेत. म्हणजे ट्रॅक्टरवाल्यांचाही हा विषय आहे.

'बिल घेतलं तर जीएसटी लागेल'

हे वाक्य गॅरेजवर हमखास ऐकायला मिळतं. यात दोन गोष्टी लपवल्या जातात. पाकिटावर छापलेल्या एमआरपीमध्ये सगळे कर आधीच धरलेले असतात. त्यावर वेगळा जीएसटी लावता येत नाही. आणि ज्या गॅरेजची जीएसटी नोंदणीच नाही, त्याला जीएसटी घेण्याचा अधिकार नाही. साधं बिल मात्र तोही देऊ शकतो. छापील पुस्तक नसलं तरी तारीख, गाडी नंबर, पार्टचं नाव, किंमत, मजुरी आणि सही एवढं एका कागदावर पुरतं.

शिवाय वाहनांच्या सुट्या भागांवरचा 28 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के झाला आहे. हा फायदा आपल्या गावापर्यंत पोचला का, हे बिल आणि खोकं हातात असल्याशिवाय कळणार कसं?

कायदा इथं गिऱ्हाईकाच्या बाजूनं आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात विकलेल्या मालाचं किंवा केलेल्या कामाचं बिल न देणं ही 'अनुचित व्यापारी प्रथा' धरली आहे. म्हणजे बिल देणं हे मिस्त्रीचे उपकार नाहीत. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन 1915 आहे. बुलढाण्याला जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथं 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. पाकिटावरच्या एमआरपीपेक्षा जास्त घेतले तर वैधमापनशास्त्र विभागाकडे जाता येतं.

पण खरं बोलायचं तर 1,850 रुपयांसाठी कोण मजुरी बुडवून बुलढाण्याला खेटे घालणार? मीही गेलो नाही. जायचं म्हटलं तरी माझ्याकडं दाखवायला होतं काय, वहीचं अर्धं पान! म्हणून उपाय गॅरेजवरच करायला हवा.

गाडी सोडून हलू नका

काम सुरू होण्याआधी काय बदलायचं आणि किती लागतील ते विचारा. चाक खोलताना जवळ उभे राहा. नव्या पार्टचं खोकं स्वतःच्या हातानं फोडा आणि त्यावरची किंमत वाचा. जुना पार्ट घरी न्या, तो तुमच्या मालकीचा आहे. बऱ्याच मोटरसायकलींच्या मागच्या ड्रमवर छोटा बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो खुणेपर्यंत गेला तर शू संपले समजा. हे आपण घरीच पाहू शकतो.

आपल्याकडं इमानदार मिस्त्री भरपूर आहेत. "अजून सहा महिने चालतील, उगाच पैसे घालू नका," असं सांगणारेही आहेत. माझ्या गावातल्या मिस्त्रीनं नवे शू टाकले, जुने माझ्या हातात दिले आणि न मागता कागदावर हिशेब लिहून दिला. लुटणाऱ्यांमुळे अशांचंही नाव खराब होतं. जो मिस्त्री जुना पार्ट हातात देतो आणि हिशेब लिहून देतो, त्याच्याकडं चार गिऱ्हाईकं जास्त पाठवा. बाकीच्यांना आपोआप समजेल.