गल्ला आणि पेला

चहाच्या दुकानीं गिऱ्हाइकाची जात पाहून पेला निराळा द्यावा, केशकर्तनालयांत खुर्ची रिकामी असतांही ‘वेळ नाहीं’ म्हणावें, हा प्रकार आपल्या खेड्यापाड्यांतून अद्यापि समूळ गेलेला नाहीं. राज्यघटनेच्या १५ व्या कलमानें दुकानें व उपाहारगृहें सर्वांस खुलीं केलीं. १९५५ च्या कायद्यानें अस्पृश्य मानून तेथील भांडीं वापरूं न देणें किंवा सेवा नाकारणें, हे दंडनीय गुन्हे ठरविले. तरी दुकानदार म्हणतो, ‘इतर गिऱ्हाइकें तुटतील!’ नाणें गल्ल्यांत पडतांना गल्ला विटाळत नाहीं. मग पेलाच कसा विटाळतो? परंतु दोष एकट्या दुकानदाराचा नव्हे. शेजारीं बसून निमूटपणें चहा पिणाऱ्या आम्हां सुशिक्षितांचाही आहे. अशा ठिकाणीं आपला पेला खालीं ठेवून आपण उठलों, तर व्यापाऱ्यास तो हिशेब तत्काळ समजेल.