प्रवेश दिला, शिकवणार कोण?

चेन्नईच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील नवागत विद्यार्थ्यांच्या अध्ययनसाहाय्याविषयी जाहीर पत्रक

तमिळनाडू विधानसभेने सप्टेंबर २०२० मध्ये मंजूर केलेल्या विधेयकाने, सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकून नीट ही राष्ट्रीय प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या वाट्याच्या वैद्यकीय जागांपैकी साडेसात टक्के जागा राखून ठेवल्या. न्यायमूर्ती पी. कलैयरसन यांच्या समितीने दहा टक्क्यांची शिफारस केली होती, ती सरकारनेच साडेसातवर आणली. आणि तेवढ्यासाठीही विधेयक तत्कालीन राज्यपाल, नागपूरचे माजी खासदार बनवारीलाल पुरोहित यांच्याकडे आठवडेच्या आठवडे पडून राहिल्यामुळे राज्य सरकारला २९ ऑक्टोबर २०२० रोजी स्वतंत्र शासकीय आदेश काढावा लागला, ज्याच्या दुसऱ्याच दिवशी राज्यपालांची संमती आली. आदल्या वर्षी सरकारी शाळांतून एमबीबीएसला पोहोचलेले विद्यार्थी अवघे सहा होते. या तरतुदीच्या पहिल्याच वर्षी त्यांच्यासाठी ३१३ जागा उपलब्ध झाल्या, शुल्काचा भार सरकारने उचलला आणि २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. प्रस्तुत पत्रक या कायद्याच्या बाजूचे आहे, आणि म्हणूनच त्यात राहिलेली उणीव उघडपणे मांडणे त्याला आवश्यक वाटते: कायदा महाविद्यालयाच्या फाटकापाशी थांबतो, आणि फाटकाच्या आत विद्यार्थ्याला शिकवण्याची निराळी जबाबदारी कोणीही घेतलेली नाही.

फाटकाच्या आत जे आहे त्याचे स्वरूप बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र असे तीन मुख्य विषय असतात. त्यांतील शरीररचनाशास्त्रात हजारो नावे, त्यांचे परस्परसंबंध आणि त्यांच्या जागा विच्छेदनकक्षात मृतदेहावर ओळखून, नंतर तोंडी परीक्षेत, म्हणजे विद्यार्थी जिला व्हायव्हा म्हणतात तिच्यात, क्षणभरही न अडखळता इंग्रजीत सांगाव्या लागतात. १८३५ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मेडिकल कॉलेजात किंवा उत्तर चेन्नईतील स्टॅन्ले मेडिकल कॉलेजात एका वर्गात अडीचशे विद्यार्थी असतात, आणि अडीचशे जणांच्या सभागृहात शेवटच्या रांगेतल्या कोणाला काही समजले नाही हे उत्तम अध्यापकालाही पहिल्या घटक परीक्षेचा निकाल लागेपर्यंत कळण्याचा मार्ग नसतो. त्यात २०२३ च्या राष्ट्रीय नियमांनी पहिल्या वर्षाची परीक्षा चार प्रयत्नांत आणि संपूर्ण अभ्यासक्रम नऊ वर्षांत पूर्ण करण्याचे बंधन घातले आहे. ते ओलांडणाऱ्याला अभ्यासक्रम सोडावा लागतो. नियम सर्वांना सारखा आहे, असे म्हटले जाते. परंतु ज्याच्या घरात दोन पिढ्या डॉक्टर आहेत आणि ज्याच्या घरात दहावीपलीकडे कोणी गेलेले नाही, अशा दोघांचे चार प्रयत्न सारखे कसे, याचे उत्तर नियमात नाही.

यावर अधिकारी वर्गाकडून एकच उत्तर ठरलेले असते, ते म्हणजे फाउंडेशन कोर्सचे. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेने २०१९ मध्ये क्षमताधारित अभ्यासक्रम, म्हणजे विद्यार्थ्याला काय ठाऊक आहे यापेक्षा त्याला काय करता येते यावर भर देणारा अभ्यासक्रम, लागू करताना प्रवेशानंतरचा पहिला महिना या पूर्वतयारीला दिला आणि त्याचे १७५ तास वाटून टाकले: परिचयाला ३०, प्रथमोपचारासारख्या कौशल्यांना ३५, आरोग्यकेंद्राच्या भेटीला ८, व्यावसायिक विकास व नीतिमूल्यांना ४०, खेळ व इतर उपक्रमांना २२, आणि भाषा व संगणक यांना मिळून ४०. अभ्यास कसा करावा हा प्रश्न या वाटपात वेळेचे नियोजन, ताणतणाव आणि नीतिमूल्ये यांच्या दाटीत कोठेतरी उरकला जातो. पुढच्या सुधारणांत तर हा कालावधीही आखडत गेला. तासांच्या संख्येपेक्षा गंभीर दोष त्यांच्या वेळेचा आहे: विद्यार्थ्याला अडचण येते ती दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, बाहूतील मज्जातंतूंचे जाळे आणि हृदयाचे विद्युतचक्र एकाच आठवड्यात समोर उभे राहते तेव्हा, आणि साहाय्य संपलेले असते ते पहिल्या महिन्यातच. पोहण्याचा वर्ग काठावर घेऊन पाण्यात उतरण्याच्या दिवशी शिक्षकाला रजा द्यावी, तसा हा प्रकार आहे.

भाषेचा प्रश्न याहून विलक्षण आहे. नीटची प्रश्नपत्रिका २०१७ पासून तमिळ आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत मिळते, म्हणजे शासन विद्यार्थ्याला त्याच्या भाषेत प्रवेश मिळवण्याची मुभा देते. पण वर्ग भरतो त्या पहिल्या सकाळपासून ती भाषा बेकायदा ठरल्यासारखी दिसेनाशी होते. (२०१८ च्या तमिळ प्रश्नपत्रिकेतील ४९ प्रश्नांच्या भाषांतरात चुका असल्याच्या तक्रारीवरून मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने १९६ गुण देण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो पुढे रद्द केला, यावरून ही मुभाही किती काळजीपूर्वक दिली जाते ते समजते.) न्यायमूर्ती ए. के. राजन यांच्या समितीने २०२१ मध्ये दाखवून दिले की, नीट लागू होण्यापूर्वी, २०१६-१७ मध्ये, तमिळ माध्यमाच्या विद्यार्थ्यांचे वैद्यकीय प्रवेशातील प्रमाण सुमारे पंधरा टक्के होते आणि पुढच्याच वर्षी ते दोन टक्क्यांच्याही खाली घसरले. साडेसात टक्क्यांच्या तरतुदीने या माध्यमाचे विद्यार्थी पुन्हा वर्गात येऊ लागले आहेत, आणि फाउंडेशन कोर्सच्या मोजक्या तासांत इंग्रजी, स्थानिक भाषा आणि संगणक असे तिन्ही शिकवून त्यांची सोय झाली, असे मानले जात आहे.

मराठी वाचकाने हा प्रश्न परप्रांताचा समजू नये. शासकीय महाविद्यालयांतील पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जात असल्यामुळे महाराष्ट्रातील विद्यार्थीही चेन्नईत येतात, आणि मराठी माध्यमातून आलेल्याला तर वर्गात इंग्रजी व रुग्णालयात तमिळ अशा दोन अनोळखी भाषांना एकाच वेळी तोंड द्यावे लागते. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतही मेळघाट किंवा नंदुरबारकडच्या विद्यार्थ्याची अवस्था मूलतः निराळी नाही. शिकणाऱ्याच्या भाषेतून वैद्यक पोहोचवता येते, हे या दोन्ही समाजांनी फार पूर्वी पाहिले आहे: तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी यांनी वैद्यकावरचे ग्रंथ तमिळमध्ये रचवून घेतले, मुंबईत १८२६ मध्ये देशी भाषांतून वैद्यक शिकवणारी शाळा निघाली, आणि सॅम्युएल ग्रीन या अमेरिकन मिशनरी डॉक्टराने जाफना भागात पाश्चात्त्य वैद्यक तमिळमधून शिकवून त्यासाठी पाठ्यपुस्तकेही भाषांतरित केली. तरीही ऑक्टोबर २०२२ मध्ये भोपाळला झाला तसा भाषांतरित पुस्तकांच्या प्रकाशनाचा समारंभ हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे. पुस्तक विद्यार्थ्याला प्रश्न विचारत नाही, आणि त्याचे चुकलेले उत्तर दुरुस्तही करत नाही. ज्याला संकल्पना प्रथम आपल्या भाषेत समजून घेऊन मग इंग्रजीत मांडायची आहे, त्याला दोन्ही भाषा जाणणारा माणूस समोर लागतो.

अध्ययनसाहाय्य या शब्दाने येथे नेमके तेच अभिप्रेत आहे: वर्षभर, वेळापत्रकात बसवलेल्या, आठ-दहा जणांच्या गटांत, मानधन मिळणाऱ्या शिक्षकाच्या किंवा वरिष्ठ विद्यार्थ्याच्या देखरेखीखाली होणारा अभ्यास. अशी व्यवस्था स्वप्नरंजन नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजने २००१ पासून विस्तारित वैद्यकीय पदवी चालवली, जिच्यात शहरातील सामान्य सरकारी शाळांतून, तुलनेने कमी गुणांनिशी आलेल्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षाचा अभ्यास जादा शिकवणीसह दोन वर्षांत करू दिला जातो आणि त्यानंतर ते इतरांच्याच वर्गात बसून इतरांच्याच परीक्षा देतात. दर्जा खालावेल, अशी ओरड करणाऱ्यांनी हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे. गिंडी येथील डॉ. एम. जी. आर. वैद्यकीय विद्यापीठाची प्रश्नपत्रिका सोपी करा, अशी मागणी कोणीही केलेली नाही. मागणी शिकवण्याची आहे, आणि शिकवल्याने दर्जा घसरतो असे म्हणणाऱ्याने महाविद्यालये कशासाठी असतात तेही सांगावे.

साहाय्य मात्र कलंक होऊन येता कामा नये, आणि येथे आजची कागदोपत्री पद्धत सर्वांत जास्त अपाय करते. नॅक ही मूल्यांकन संस्था महाविद्यालयांना विद्यार्थ्यांची अध्ययनपातळी तपासून पुढे असलेल्यांसाठी व मागे पडलेल्यांसाठी वेगळे कार्यक्रम घेण्यास सांगते. त्यातून स्लो लर्नर नावाची यादी तयार होते, आणि अठरा वर्षांच्या मुलीला आपण त्या यादीत आहोत हे कळले की ती मदतीच्या वर्गाकडे फिरकत नाही. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात युरी ट्रिझमन यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात गणिताच्या पहिल्या वर्षात मागे पडणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना असे आढळले की ही मुले कष्टाला कमी नव्हती, पण एकेकटी अभ्यास करत होती, तर चिनी वंशाची मुले एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढत होती. त्यांनी काढलेले वर्ग दुर्बलांसाठीचे नव्हते; अवघड प्रश्न गटात सोडवण्याचे, मानाचे वर्ग म्हणून ते चालले आणि त्यांचे निकाल उत्तम लागले. चेन्नईतही साहाय्यवर्ग सर्वांना खुले असावेत आणि पहिल्या आठवड्यापासून असावेत, नापासांच्या यादीची वाट पाहत बसणारे नसावेत.

हे सारे आपल्याकडे कोणी सांगितलेच नव्हते, असेही नाही. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी करून २००७ मध्ये अहवाल दिला, तेव्हाच इंग्रजीच्या अडचणीकडे आणि पूरक शिकवणीच्या अभावाकडे बोट दाखवून अशी शिकवणी सुरू करण्याची शिफारस केली होती. त्यानंतर मेंटॉर नेमण्याची प्रथा नियमांत आली, पण जेथे मेंटॉर म्हणजे लॉगबुकावरची सही एवढाच अर्थ उरतो, तेथे ती प्रथा नसल्यातच जमा आहे. मनुष्यबळ नाही, ही सबबही टिकणारी नाही. शरीररचनाशास्त्रादी विभागांत पदव्युत्तर विद्यार्थी आहेत, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात साडेसात टक्क्यांतूनच वर गेलेले तमिळ माध्यमाचे विद्यार्थी आहेत. त्यांना मानधन आणि प्रमाणपत्र द्यायला लागणारी रक्कम, सरकार एका विद्यार्थ्याचे खाजगी महाविद्यालयातील शुल्क भरते त्यापुढे किरकोळ ठरेल.

म्हणून तमिळनाडूच्या वैद्यकीय शिक्षण संचालनालयाने येत्या प्रवेशवर्षापासून चेन्नईतील प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आठवड्याला किमान सहा तासांचे द्विभाषिक गटवर्ग वेळापत्रकात घालावेत, त्यांसाठी स्वतंत्र तरतूद करावी, आणि प्रथम वर्षाचे निकाल शालेय माध्यमानुसार, नावे न देता, दरवर्षी जाहीर करावेत. हीच मागणी महाराष्ट्राच्या संचालनालयाकडेही आहे. ज्यांना ती पटते त्या पालकांनी, माजी विद्यार्थ्यांनी आणि चेन्नईतील मराठी डॉक्टरांनी या पत्रकाच्या प्रतीवर सही करून ती किल्पॉक येथील संचालनालयाच्या कार्यालयाकडे पाठवावी, आणि ज्यांना आठवड्यातून दोन तास शिकवणे शक्य आहे त्यांनी आपल्या जुन्या महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांना तसे लेखी कळवावे.