घरचे मैदान नक्की कोणाचे?

स्पेनच्या 'ला लीगा' या फुटबॉल साखळीतील व्हिलारेआल विरुद्ध बार्सिलोना हा सामना २० डिसेंबर २०२५ रोजी अमेरिकेतील मायामी शहरात खेळवण्याचा बेत त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये रद्द झाला. युरोपीय फुटबॉल महासंघाने, म्हणजे 'युएफा'ने, नाराजीनेच का होईना, त्याला परवानगी दिली होती. परंतु स्पेनमधील खेळाडूंनी एका फेरीच्या सामन्यांत सुरुवातीची पंधरा सेकंदे जागेवरून न हलता निषेध नोंदवला, रेआल माद्रिदने उघड विरोध केला आणि अखेर आयोजकांनी माघार घेतली. इटलीतील एसी मिलान विरुद्ध कोमो हा सामना फेब्रुवारी २०२६ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे खेळवायचे ठरले होते. तो बेतही डिसेंबर २०२५ मध्ये बारगळला. देशांतर्गत साखळी स्पर्धेचा सामना परदेशी खेळवावा की नाही, हा वाद युरोपात अशा रीतीने तूर्त थांबला असला तरी मिटलेला मात्र नाही.

भारतीय वाचकाला, त्यातही नागपूरकराला, हा वाद परका वाटण्याचे कारण नाही. युरोपातील फुटबॉल संघटना एकेका सामन्यावरून भांडत असताना भारताने एक संपूर्ण देशांतर्गत स्पर्धा परदेशी नेण्याचा प्रयोग फार पूर्वी करून टाकला आहे. २२ मार्च २००९ रोजी भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने इंडियन प्रीमियर लीगचा दुसरा हंगाम देशाबाहेर नेण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा मंडळाच्या अध्यक्षपदी नागपूरचे विधिज्ञ शशांक मनोहर होते. १६ एप्रिल ते १३ मे या काळात लोकसभेची निवडणूक पाच टप्प्यांत होणार होती. मुंबईवरील दहशतवादी हल्ल्याला चारच महिने झाले होते आणि ३ मार्च रोजी लाहोरमध्ये श्रीलंकेच्या संघावर गोळीबार झाला होता. निवडणुकीचा आणि सामन्यांचा बंदोबस्त एकाच वेळी करणे शक्य नाही, असे केंद्रीय गृहखात्याचे म्हणणे होते. मंडळाने वेळापत्रक बदलून पाहिले, तरी तिढा सुटला नाही. इंग्लंड आणि दक्षिण आफ्रिका असे दोन पर्याय समोर होते. त्यांतून दक्षिण आफ्रिकेची निवड झाली आणि घोषणेनंतर अवघ्या २७ दिवसांनी, १८ एप्रिल रोजी, केपटाऊनमध्ये पहिला चेंडू टाकला गेला.

संघटनकौशल्य म्हणून ही कामगिरी विलक्षण होती, याबद्दल दुमत नाही. परंतु त्या हंगामाकडे आज मागे वळून पाहताना एक साधी बाब डोळ्यांत भरते. सामने दक्षिण आफ्रिकेत होत होते, घड्याळ मात्र भारताचे होते. तेथील स्थानिक वेळेनुसार दुपारी साडेबारा आणि सायंकाळी साडेचार वाजता सामने सुरू होत, कारण त्या वेळी भारतात चार आणि आठ वाजलेले असत. मैदान हलले, खेळाडू हलले, प्रेक्षकही बदलले. न बदललेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे भारतीय घरातील दूरचित्रवाणी संच. या स्पर्धेचे खरे 'घरचे मैदान' कोणते, याचे उत्तर त्या वेळापत्रकातच दडलेले होते.

त्या हंगामाचे विजेतेपद हैदराबादच्या डेक्कन चार्जर्सने पटकावले. २००८ मध्ये तळाला राहिलेला हा संघ २४ मे २००९ रोजी जोहान्सबर्ग येथे बंगळुरूला सहा धावांनी हरवून अजिंक्य ठरला, तोही आपल्या शहरात एकही सामना न खेळता. पुढच्या वर्षी तरी हैदराबादकरांना आपले विजेते पाहायला मिळावेत, अशी अपेक्षा होती. मात्र तेलंगणच्या आंदोलनामुळे २०१० मध्येही या संघाचे 'घरचे' सामने हैदराबादबाहेर गेले. कटक आणि नवी मुंबईसोबत त्यांतील तीन सामने नागपूरच्या वाट्याला आले. वर्धा मार्गावरील जामठा येथे विदर्भ क्रिकेट संघटनेचे नवे स्टेडियम २००८ मध्येच सुरू झाले होते. एका शहराची अडचण ही दुसऱ्या शहराची संधी ठरली. नागपूरकरांनी सामन्यांचा आनंद लुटला, पण 'आपला' म्हणून ज्या संघाला टाळ्या दिल्या त्याचा आणि विदर्भाचा काडीचाही संबंध नव्हता. तो संघ २०१२ नंतर अस्तित्वातच राहिला नाही आणि २०११ ते २०२५ या पंधरा हंगामांत जामठ्याला आयपीएलचा एकही सामना झाला नाही.

तसा योग एकदा जुळून आला होता. २०१६ मध्ये किंग्ज इलेव्हन पंजाबने आपले तीन सामने नागपुरात खेळवण्याचे ठरवले होते. त्या वर्षी मराठवाडा दुष्काळाने होरपळत होता आणि लातूरला रेल्वेने पाणी पुरवावे लागत होते. खेळपट्ट्या आणि मैदानांवर लाखो लिटर पाणी ओतण्यास हरकत घेणारी जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली आणि न्यायालयाने १३ एप्रिल रोजी महिनाअखेरीनंतरचे सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश दिला. पंजाबचे ते तीन सामने मोहालीला गेले, तर अंतिम सामना मुंबईऐवजी बंगळुरूला झाला. योगायोग असा की या वेळीही मंडळाच्या अध्यक्षपदी शशांक मनोहरच होते. २००९ मध्ये देशाबाहेर आणि २०१६ मध्ये राज्याबाहेर, अशी दोन्ही स्थलांतरे त्यांच्याच कारकिर्दीत घडली आणि दुसऱ्या वेळी त्यांच्या स्वतःच्या शहराने सामने गमावले.

या सर्व उदाहरणांतून एक महत्त्वाचा भेद स्पष्ट होतो. निवडणूक, दुष्काळ, आंदोलन किंवा साथीचा रोग यांमुळे सामने हलवणे ही लाचारी असते. नव्या बाजारपेठेच्या शोधात सामने हलवणे हा व्यापार असतो. २०१४ च्या निवडणुकीमुळे आयपीएलचे पहिले २० सामने संयुक्त अरब अमिरातीत झाले. करोनामुळे २०२० चा संपूर्ण हंगाम आणि २०२१ चे उरलेले ३१ सामनेही तेथेच झाले. ही लाचारी होती. याउलट इंग्लंडच्या प्रीमियर लीगने फेब्रुवारी २००८ मध्ये मांडलेली 'एकोणचाळिसाव्या सामन्या'ची कल्पना हा उघड व्यापार होता. प्रत्येक संघाने नेहमीच्या ३८ सामन्यांखेरीज आणखी एक सामना परदेशी खेळावा, असा तो प्रस्ताव होता आणि तो प्रेक्षकांच्या विरोधामुळे गुंडाळावा लागला. मायामीचा बेत याच जातीचा होता. मिलानच्या प्रकरणात मात्र दोन्हींची सरमिसळ दिसते. हिवाळी ऑलिम्पिकच्या उद्घाटनामुळे सान सिरो स्टेडियम उपलब्ध नव्हते, हे खरेच. पण त्यासाठी शेजारच्या शहराऐवजी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाण्याचे कारण सोयीचे नव्हते, पैशाचे होते.

व्यापार वाईट आणि लाचारी पवित्र, असा सरळ निवाडा करणेही योग्य होणार नाही. अमेरिकी फुटबॉलची एनएफएल २००७ पासून, २०२० चा अपवाद वगळता, दरवर्षी लंडनमध्ये साखळी सामने खेळवत आहे आणि तेथे स्टेडियम भरतात. परंतु अमेरिकेत संघ ही मालकाची मिळकत मानली जाते. मालक तो एका शहरातून उचलून दुसऱ्या शहरात नेऊ शकतो आणि प्रेक्षकही ते गृहीत धरून चालतात. युरोपातील क्लब गावातून, कारखान्यातून, वस्तीतून उगवले. त्यांच्या समर्थकांच्या दृष्टीने हंगामातील १९ घरच्या सामन्यांपैकी एक परदेशी जाणे म्हणजे आपल्या हक्काच्या वस्तूचा परस्पर झालेला सौदा असतो. शिवाय प्रत्येक संघाने प्रत्येकाशी एकदा घरी आणि एकदा बाहेर खेळावे, या समतोलावर साखळीची न्याय्यता उभी असते. तो ढळला की गुणतक्त्यावर संशयाची सावली पडते.

भारतात आपण आराखडा अमेरिकेचा स्वीकारला आणि भावना मात्र युरोपची बाळगतो. इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेतील एफसी पुणे सिटी हा संघ २०१९ मध्ये बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतली. तो संघही २०२५ मध्ये दिल्लीला गेला. कामठी आणि नागपूरच्या मैदानांवर पिढ्यानपिढ्या फुटबॉल खेळला जातो, पण देशाच्या सर्वोच्च साखळीत विदर्भाचा एकही संघ नाही. ज्या शहरांना संघ मिळाले त्यांच्याकडूनही ते इतक्या सहज निघून जातात, तेव्हा एखाद-दुसरा सामना परदेशी जाण्याला येथे विरोध तरी कोण करणार?

प्रेक्षक आणि मैदान यांचे नाते तोडल्यास काय होते, याचा एक धडा देशांतर्गत क्रिकेटने घेतलेला आहे. २०१६-१७ मध्ये रणजी करंडकाचे सगळे सामने तटस्थ मैदानांवर खेळवण्यात आले. खेळपट्ट्या यजमानाच्या सोयीच्या होऊ नयेत, हा हेतू चांगलाच होता. प्रत्यक्षात ज्या गावाचा कोणताही संघ मैदानात नाही, तेथे सामना पाहायला माणूस फिरकेना. एकाच हंगामानंतर घरच्या आणि बाहेरच्या मैदानांची जुनी पद्धत परत आणावी लागली. पुढच्याच, म्हणजे २०१७-१८ च्या हंगामात विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. तो अंतिम सामना इंदूरमध्ये झाला असल्यामुळे या यशाचे श्रेय पद्धतीला देता येणार नाही. मात्र २०१८-१९ आणि २०२४-२५ या दोन्ही विजेतेपदांचे अंतिम सामने जामठ्यावर, आपल्या माणसांसमोर झाले. या आनंदाची तुलना २०१० च्या उसन्या यजमानपदाशी होऊ शकत नाही.

परदेशवारीचा आणखी एक पैलू हिशेबाचा आहे. दक्षिण आफ्रिकेतील आयोजनासाठी देशाबाहेर पाठवलेल्या सुमारे २४३ कोटी रुपयांच्या संदर्भात परकीय चलन कायद्याचा भंग झाल्याचा ठपका ठेवून अंमलबजावणी संचालनालयाने २०१८ मध्ये मंडळ, काही पदाधिकारी आणि एका बँकेला मिळून १२१ कोटींहून अधिक दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेले. यजमान देशालाही या पाहुणचाराची किंमत मोजावी लागली. त्या वर्षीच्या बोनसच्या वाटपावरून वाद उफाळला, माजी न्यायमूर्तींच्या समितीने चौकशी केली आणि 'क्रिकेट साऊथ आफ्रिका'चे मुख्य कार्यकारी जेराल्ड माजोला यांना २०१२ मध्ये पद गमवावे लागले. घाईघाईत परक्या देशात मांडलेल्या संसाराचा जमाखर्च नीट न ठेवल्यास पाहुणा आणि यजमान दोघेही अडचणीत येतात, असाच याचा अर्थ.

अलीकडच्या काळात मंडळाचा कल स्पर्धा देशातच ठेवण्याकडे दिसतो, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. २०१९ आणि २०२४ या दोन्ही निवडणूक वर्षांत आयपीएल भारतातच झाली. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी झालेल्या संघर्षामुळे ती आठवडाभर थांबवावी लागली, तरी उरलेले सामने देशातच पार पडले. म्हणजे इच्छा आणि तयारी असली तर मार्ग निघतो. परंतु त्याच वेळी खेळाडूंचा लिलाव २०२३ मध्ये दुबईत, २०२४ मध्ये जेद्दाहत आणि २०२५ मध्ये अबुधाबीत झाला, हेही नजरेआड करता येणार नाही. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांसाठी ४८ हजार ३९० कोटी रुपये मोजले गेले आहेत. तिकिटाच्या खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाचे वजन या आकड्यापुढे किती उरते, हा खरा प्रश्न आहे.

नियमित मुदतीनुसार लोकसभेची पुढील निवडणूक २०२९ मध्ये, पुन्हा ऐन हंगामात होईल. तोपर्यंत काही बाबी लेखी नियमांत उतरल्या पाहिजेत. सामना परदेशी नेण्यासाठी कोणती परिस्थिती अपरिहार्य मानायची, देशातील दुसरे शहर परदेशाआधी विचारात घ्यायचे की नाही, ज्या शहराचा सामना जाईल तेथील तिकीटधारकांना आणि स्थानिक संघटनेला भरपाई कोण देणार, परदेशातील खर्चाचा हिशेब किती दिवसांत जाहीर करायचा, याची उत्तरे संकट ओढवण्यापूर्वी ठरलेली असावीत. स्पेनमध्ये हे प्रश्न खेळाडूंनी आणि प्रेक्षकांनी विचारले म्हणून मायामीचा सामना टळला. भारतात ते विचारण्याची पहिली जबाबदारी राज्य संघटनांची आहे. जामठ्यासारखी मैदाने त्यांनी उभारली आहेत, आणि ती हंगामात ओस राहिली तर त्याचा जाबही त्यांनीच मागायला हवा.