काळं घालणारी मुलगी बिघडलेली नसते



गेल्या महिन्यात एका साखरपुड्याला आम्ही मायलेकी गेलो होतो. लेकीनं काळा पायघोळ स्कर्ट घातला होता. वर उंच कॉलरचं, मनगटापर्यंत बाह्यांचं काळं पोलकं आणि गळ्यात जुन्या चांदीचा गोफ. ओळखीच्या एक काकू जवळ आल्या आणि तिला नाही, मला विचारलं, "काय गं, घरात कोण गेलं?" आजूबाजूच्या चार-पाच जणी हसल्या. लेक खाली बघत राहिली.

खरं सांगायचं तर दोन वर्षांपूर्वी त्या हसणाऱ्यांत मीच पहिली असते. म्हणून आज थोडं कडक लिहिणार आहे. कुणाला लागलं तर एवढं लक्षात घ्या की पहिला फटका मी स्वतःलाच मारते आहे.

लेक पुण्याला शिकायला गेली आणि वर्षभरात तिच्या कपड्यांतले रंग एकेक करून गेले. काळा, करडा, फार तर गडद जांभळा किंवा वांगी रंग. लेसच्या कॉलरी, मखमल, जुन्या बटणांची जाकिटं. म्हणाली, "मम्मी, याला गॉथिक म्हणतात आणि माझं थोडं जुन्या काळातलं गॉथिक आहे." मला एवढंच कळलं की मुलगी हाताबाहेर चालली. दिवाळीची साफसफाई काढली तेव्हा ती घरी नव्हती. कपाटातलं सगळं काळं मी एका चादरीत बांधलं आणि दारावर आलेल्या बोहारणीला देऊन टाकलं. बदल्यात स्टीलचं एक पातेलं घेतलं. घासाघीस करून झाकणही मिळवलं. मोठं पुण्य केल्यासारखं वाटलं.

चार दिवसांनी लेक आली. कपाट उघडून तिनं एकच विचारलं, "आज्जीची चंद्रकळा कुठाय?"

माझ्या आईची चंद्रकळा. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीची, सुती, लाल काठाची. आई जायच्या आधी तिनं ती नातीला दिली होती. जुनी होऊन जागोजागी विरली होती म्हणून लेकीनं शिंपीणबाईंकडे बसून त्यातला चांगला भाग काढून स्कर्ट शिवून घेतला होता. काठ खाली घेराला लावला होता. मी तो उलगडून पाहिलाच नाही. काळं दिसलं आणि बांधलं. आईच्या अंगावर पन्नास वर्षं पाहिलेलं कापड मला हातात धरून ओळखता आलं नाही. बोहारीण परत दिसली नाही. पातेलं अजून स्वयंपाकघरात आहे. रोज त्यात दूध तापवते.

आता मुद्द्यावर येते.

पहिला आक्षेप असतो की काळं अशुभ. मग मैत्रिणींनो, जरा गळ्याला हात लावून बघा. मंगळसूत्रातले मणी कसले आहेत? तान्ह्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून गालावर तीट लावतो ती कोणत्या रंगाची? डोळ्यांतलं काजळ? संक्रांतीला नव्या सुनेला आपण हौसेनं काळी साडी नेसवतो, हलव्याचे दागिने घालतो, फोटो काढतो. तेव्हा काळा चालतो, कारण तो आपण ठरवलेल्या दिवशी, आपण ठरवलेल्या बाईच्या अंगावर असतो. मुलीनं तोच रंग स्वतःच्या मनानं मंगळवारी घातला की अशुभ होतो. याचा अर्थ आपल्याला रंगाची अडचण नाही. तिनं स्वतः ठरवलं याची अडचण आहे. तेवढं तरी प्रामाणिकपणे म्हणूया.

दुसरा आक्षेप असा की हे भुताखेतांचं, परदेशी खूळ आहे. परदेशी आहे, खरंच आहे. पण माहिती न घेता नावं ठेवू नयेत म्हणून मी लेकीला विचारलं, वाचलं. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाचा नवरा १८६१ मध्ये वारला. त्यानंतर १९०१ मध्ये मरेपर्यंत जवळपास चाळीस वर्षं ती काळ्या कपड्यांतच राहिली. तिच्या काळात तिकडे शोकाचे कपडे, शोकाचे दागिने यांचा मोठा रिवाज झाला. व्हिटबी नावाच्या समुद्रकाठच्या गावात जेट सापडतो. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं लाकूड दबून दगडासारखं झालेलं, घासलं की काळंभोर चमकतं. त्याचे मणी घडवणारे कारागीर त्या काळात भरभराटीला आले. पुढे १८९७ मध्ये आलेल्या ड्रॅक्युला कादंबरीचा काही भाग त्याच गावात घडतो. १९८२ मध्ये लंडनच्या सोहो भागात बॅटकेव्ह नावाचा क्लब सुरू झाला. तिथं येणाऱ्या तरुण मुलामुलींनी काळ्याची ही शैली नव्यानं अंगावर घेतली. जुन्या बाजारातून लेस, मखमल, झालरी आणायच्या, घरी बसून उसवायच्या, जोडायच्या. म्हणजे ज्या रंगात विधवेला बसवलं जायचं, तोच रंग या पोरींनी कुणाच्या मरणाची वाट न पाहता आपल्या आवडीनं घातला. यात भूत कुठं आलं?

आणि गॉथिक म्हटलं की नाक मुरडणाऱ्या आपण मुंबईला गेलो की सीएसएमटीसमोर उभं राहून फोटो काढतोच ना? १८८८ मध्ये पूर्ण झालेलं ते स्टेशन गॉथिक घडणीचंच आहे. मुंबई विद्यापीठातला राजाबाई टॉवरही तसाच, १८७८ चा. त्याला पैसे दिले आपल्याच समाजातल्या प्रेमचंद रायचंद यांनी आणि नाव दिलं स्वतःच्या आईचं. असं सांगतात की राजाबाईंना दिसत नव्हतं. सूर्यास्ताआधी जेवायचा नियम पाळताना वेळ कळावी म्हणून त्यांना त्या घड्याळाच्या ठोक्यांचा आधार होता. टोकदार कमानींच्या त्या उंच गॉथिक मनोऱ्यावर एका जैन आईचं नाव आहे. आपल्या मुलींना हे सांगतो का आपण?

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड. लोक काय म्हणतील, लग्न कसं जमेल. इथं मला एका मुलीबद्दल सांगायचं आहे. सोफी लँकेस्टर, वय वीस, इंग्लंडमधल्या लँकेशायरची. ऑगस्ट २००७ मध्ये बेकप गावातल्या एका बागेतून रात्री ती मित्राबरोबर चालली होती. दोघांचा वेश गॉथ. काही पोरांनी तेवढ्यावरून दोघांना मारहाण केली. मित्र वाचला. सोफी शुद्धीवर आली नाही, दोन आठवड्यांच्या आत गेली. तिच्या आईनं, सिल्व्हियाबाईंनी, मुलीच्या नावानं संस्था काढली आणि वेगळं दिसणाऱ्या मुलांचा द्वेष करू नका हे शाळाशाळांतून सांगितलं. २०१३ पासून ग्रेटर मँचेस्टरचे पोलीस अशा हल्ल्यांची द्वेषातून झालेले गुन्हे म्हणून नोंद करू लागले.

आपल्या काकू कुणाला मारत नाहीत, हे मला कळतं. पण एखादीच्या कपड्यांवरून तिला माणसांच्या रांगेतून बाजूला काढायचं, ही सुरुवात हसण्यानंच होते. आपण अहिंसा पाण्याच्या थेंबापर्यंत नेतो, गाळून पितो, आणि समोरच्या मुलीच्या मनाला चारचौघांत ओरखडा काढताना क्षणभर थांबत नाही. लग्नाचं म्हणाल, तर जे स्थळ काळ्या स्कर्टवरून परत जाणार असेल ते लवकर गेलेलंच बरं.

आता मुलींशी बोलते, कारण त्यांचीही बाजू सगळी धुतल्या तांदळासारखी नाही.

शैली पार्सलनं येत नाही गं पोरींनो. 'गॉथिक सेट' म्हणून एका क्लिकवर सहा वस्तू मागवायच्या, तीन धुण्यांत विटवायच्या आणि पुन्हा मागवायच्या, याला आवड म्हणत नाहीत. तो नुसता साठा झाला. माझ्या लेकीकडे आज मोजून अकरा कपडे आहेत, पण प्रत्येकाचा इतिहास ती सांगू शकते. तिची रीत मला पटली म्हणून लिहिते. आधी ती घरातल्या पेट्या उघडते. माझ्या आत्याच्या जुन्या फोटोत फुग्याच्या बाह्यांचं, गळ्याशी झालर असलेलं पोलकं आहे. तो फोटो दाखवून तिनं काळ्या सुती कापडात तसंच शिवून घेतलं. माझ्या लग्नातल्या साडीची फॉलला लावायची म्हणून आणलेली लेस वीस वर्षं डब्यात पडून होती, ती कॉलरला गेली. सासूबाईंचे चांदीचे जुने वाळे तिनं उजळू दिले नाहीत, काळवंडलेलेच घालते. एक कपडा घ्यायचा, महिनाभर वापरायचा, त्याच्याबरोबर काय जुळतं ते बघायचं, मगच दुसरा. काळं सुती कापड उलटं करून गार पाण्यात धुते, सावलीत वाळवते. मखमलीवर थेट इस्त्री फिरवत नाही, उलट्या बाजूनं वाफ देते. माझ्या रंगीत साड्यांची इतकी काळजी मी कधी घेतली नव्हती.

आणि या शैलीत आपल्याला डोळे उघडे ठेवावे लागतात. जुन्या काळी कंबर आवळणाऱ्या कॉर्सेटमध्ये देवमाशाच्या तोंडातल्या पट्ट्या घालत. बूट आणि पट्टे चामड्याचे, टोप्यांवर खरी पिसं, अस्सल जुनी मखमल रेशमाची. रेशमासाठी कोशातले जीव उकळले जातात, हे आपल्याला नव्यानं सांगायला नको. गडद लाल लिपस्टिकमध्ये बऱ्याचदा कोचिनील किड्यांपासून काढलेला कार्माइन रंग असतो. डबीवर 'सीआय ७५४७०' असा आकडा दिसला की समजायचं. हे मला लेकीनं शिकवलं. ती कॅनव्हासचे बूट आणि सुती मखमल वापरते, लिपस्टिक घेताना आकडे वाचते. देवळात जाताना काळं घालत नाही, तेही तिचं तिनंच ठरवलं. आणि मी, तिला बिघडलेली म्हणणारी, तोवर पैठण्या मिरवत होते आणि माझ्या लाल लिपस्टिकची डबी एकदाही उलटी करून वाचली नव्हती. मग सांगा, कपड्यांतून धर्म कुणी पाळला?

साखरपुड्यातल्या त्या काकूंना मी त्या वेळी उत्तर दिलं नाही. ते चुकलं. म्हणून इथं देते. काकू, आमच्या घरात कुणी गेलेलं नाही. एक चंद्रकळा मात्र गेली आणि ती मी घालवली. त्यानंतरच्या क्षमावाणीला मंडळातल्या पन्नास जणींना मी 'उत्तम क्षमा' म्हटलं आणि घरी येऊन मुलीसमोर मात्र तोंड उघडेना. रात्री भांडी आवरताना कसंबसं म्हणाले. ती म्हणाली, "मम्मी, पुढच्या वेळी टाकायच्या आधी उलगडून तरी बघ."

तेवढंच तुम्हाला सांगायचं आहे. तुमच्या घरात अशी मुलगी असेल, तर या रविवारी तिच्या कपाटासमोर बसा. एकेक कपडा तिच्या हातून उलगडून घ्या, कुठून आणला, कुणी शिवला, कशाला आवडतो ते विचारा. आवडलं नाही तर तसं सांगा, भांडा सुद्धा. पण बघून भांडा. आणि तुमच्याकडे एखादी जुनी, विरलेली चंद्रकळा पेटीत पडून असेल आणि तुम्हाला नको असेल, तर बोहारणीला देऊ नका. मला कळवा. आमच्या घरी तिला जागा आहे.